जुनी गाडी गॅरेजात अडकलीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, फोंड्याला आमच्या घरी १९६९ची फियाट इलेव्हन हंड्रेड आहे. वडिलांनी घेतलेली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर असलेली. 'खालचा थोडा पत्रा आणि इंजिन' एवढ्याच कामासाठी ती म्हापशाकडच्या एका गॅरेजात गेली आणि एकवीस महिन्यांनी परत आली. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण फोन करतात. कुणाची ॲम्बेसेडर अडकलेली, कुणाची पद्मिनी, एकाची तर आजोबांच्या वेळची मॉरिस मायनर. प्रश्न मात्र तेच ते, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

'दोन महिन्यांत देतो' म्हणाले होते, आता नववा महिना चालू आहे. असं सगळ्यांचंच होतं का?

बहुतेकांचं होतं. गाडी उघडण्याआधी सांगितलेली तारीख हा अंदाज असतो, आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तो थोडा गोड करून सांगितलेला असतो. आमच्या गाडीचं पायाखालचं मॅट उचललं तेव्हा तळहाताएवढं भोक दिसलं. मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरने त्याच्या कडा खरवडल्या, तसा गंजलेला पत्रा पापडासारखा तुटत गेला आणि भोक पार ड्रायव्हरच्या सीटखाली पोचलं. या फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच चासी. तिथे तुकडा ठोकून भागत नाही. गाडीला खालून आधार द्यायचा, दरवाजे नीट लागतायत का ते सारखं बघायचं आणि मग थोडं थोडं वेल्डिंग करायचं. स्टँडर्ड हेराल्डवाले यातून सुटतात, तिला खाली स्वतंत्र चासी असते. आमच्या दोन महिन्यांचे सहा महिने त्या एका मॅटखाली झाले.

मग किती वेळ लागला तर रास्त म्हणायचं?

माझा हिशेब असा: नुसतं इंजिन असेल, म्हणजे बोअर (सिलिंडर आतून कापून नव्या मापाचा करणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड, तर लेथवाल्याकडची रांग धरून दीड-दोन महिने. पत्रा आणि रंग असेल तर सहा ते आठ महिने. नटबोल्टपर्यंत सगळी गाडी सुटी करून पुन्हा उभी करायची असेल तर दीड-दोन वर्षांची तयारी ठेवा. याच्या वर गेलं की विचारायला सुरुवात करा. तारीख कागदावर नसली तरी तुम्ही अगदीच उघडे पडत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४६ सांगतं की मुदत ठरली नसेल तर काम 'वाजवी वेळात' झालं पाहिजे. आता वाजवी म्हणजे किती यावर वाद होतोच, म्हणून तारीख लिहून घेतलेली बरी.

एवढा उशीर का होतो? गोव्यातले मेस्त्री आळशी असतात का?

नाही. 'सुशेगाद', म्हणजे निवांत, हा शब्द बाहेरच्यांना फार आवडतो, पण ज्या मेस्त्रींनी मला एकवीस महिने रखडवलं ते सकाळी आठला शटर उघडून रात्री साडेआठला बंद करत होते. त्यांना दुपारची झोप काढताना मी एकदाही पाहिलं नाही.

कारण गॅरेजच्या गल्ल्यात आहे. पर्यटकांना भाड्याने द्यायची गाडी सकाळी क्लचसाठी येते, संध्याकाळी पैसे देऊन जाते. तुमची फियाट तेवढीच जागा अडवते आणि महिनोन्महिने दमडी देत नाही. डिसेंबरात तर भाड्याच्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा तुमच्या गाडीला कुणी हात लावेल ही आशाच सोडा. तुमचं काम हे रिकाम्या वेळात करायचं काम असतं, आणि चांगल्या मेस्त्रीला रिकामा वेळ नसतो.

दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. जुनी गाडी एक माणूस दुरुस्त करतच नाही. पत्र्याचं काम टिंकर करतो, बोअर लेथवाला मारतो, वायरिंग इलेक्ट्रिशियन ओढतो, शिवाय पेंटर वेगळा आणि सीटवाला वेगळा. हे सगळे स्वतंत्र, प्रत्येकाकडे दहा गॅरेजांची कामं. तुमचे मेस्त्री फक्त गाडी या हातातून त्या हातात सरकवतात. काम चालू असताना वेळ जात नाही, वेळ जातो तो दोन हातांच्या मधे. आमचा सिलिंडर ब्लॉक लेथवर चार दिवस होता, पण लेथवर चढण्याआधी सात आठवडे पोत्यात गुंडाळून मेस्त्रींच्या टेबलाखाली होता. का, तर पिस्टन आल्याशिवाय बोअर मारता येत नाही आणि पिस्टन कुठल्या साइजचे मागवायचे हे लेथवाल्याने माप घेतल्याशिवाय कळत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसले होते आणि मी तिसरा, फोनवर.

आणि आपला वाटा? पांढऱ्यातला नेमका कुठला पांढरा हे ठरवायला मी पाच आठवडे घेतले. तेही त्या एकवीस महिन्यांतच धरलेत.

पावसात रंग मारता येत नाही म्हणतात. हे खरं की सबब?

हे खरं आहे. गोव्याच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत उघड्या शेडमध्ये मारलेला रंग बिघडतो. विशेषतः जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोजचा, ज्याला पेंटर नुसतं एनसी म्हणतात. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढरट धुकं धरतं. हीटर असलेला बंद बूथ असेल तर पावसातही रंग होतो, पण असे बूथ बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वर्कशॉपात असतात आणि ते आपल्या गाड्यांना दारात उभं करत नाहीत.

सबब नाही म्हणून निश्चिंत राहू नका मात्र. धोका वेगळाच आहे. मे महिन्यात पत्रा घासून उघडा केला, कामगार गावाला गेले आणि पाऊस सुरू झाला, तर तो उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. साध्या प्रायमरवरही विसंबू नका. तो सच्छिद्र असतो, ओलावा पितो, आणि गंज आतून चालू राहतो. वरून दोन वर्षं छान दिसतं, मग बुडबुडे येतात. म्हणून एप्रिलच्या शेवटी ठामपणे सांगा: जेवढा पत्रा उघडा आहे तेवढ्यावर इपॉक्सी प्रायमर मारा, नाहीतर आता पुढचा पत्रा उघडूच नका.

पावसाळा, चतुर्थी, दिवाळी, डिसेंबर, मेमधल्या सुट्ट्या हे सगळं वजा केलं तर पत्रा आणि रंगाचे खरे महिने उरतात जानेवारी ते एप्रिल, आणि नशीब असेल तर दसऱ्यानंतरचे काही आठवडे. गाडी गॅरेजात घालायची तर इंजिनचं काम पावसाळ्यात उरकून पत्रा जानेवारीत धरावा. मी जूनमध्ये पत्रा उघडायला दिला होता. शहाणपण नंतर येतं.

फोन केला की 'फाल्यां जातलें' एवढंच ऐकू येतं. काय विचारावं?

कोंकणीतलं 'फाल्यां जातलें' म्हणजे उद्या होईल, पण गॅरेजातलं फाल्यां हे कॅलेंडरातलं उद्या नव्हे. 'कधी होणार?' या प्रश्नाला दुसरं उत्तर असूच शकत नाही, कारण मेस्त्रींनाही ते माहीत नसतं. तुम्ही तो विचारलात म्हणजे त्यांना खोटं बोलायला भाग पाडलंत.

त्याऐवजी विचारा: 'आत्ता नेमकं कशावर अडलंय, आणि कुणाकडे?' याला खरं उत्तर मिळतं. 'सीटवाला रेक्झिन आणत नाही.' 'व्हील सिलिंडरचे रबर किट आले नाहीत.' मग दुसरा प्रश्न: 'त्यातलं मी काही करू का?' आमचा सिलिंडर ब्लॉक शेवटी मीच गाडीत घालून लेथवाल्याकडे नेला आणि माप लिहिलेली चिठ्ठी घेऊनच परत आलो. सात आठवड्यांची कोंडी एका सकाळी सुटली.

आणि फोनपेक्षा जाऊन भेटा. शक्यतो आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी. मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचो तेव्हा डोकवायचो. आपला माणूस शुक्रवारी येणार हे माहीत असलं की गुरुवारी गाडीला निदान एकदा हात लागतो.

ॲडव्हान्स किती द्यावा?

सगळे पैसे आधी दिलेत तर गाडी तुमची आणि घाई फक्त तुमची. काम टप्प्यांत तोडा: पत्रा, इंजिन, वायरिंग, रंग, सीट. प्रत्येक टप्प्याच्या सामानाचे पैसे आधी, मजुरीचे तो टप्पा डोळ्यांनी बघून झाल्यावर. पुढचा टप्पा सुरू झाल्याशिवाय त्याचे पैसे नाहीत. महाग पार्ट स्वतः विकत घेऊन द्या, पावती तुमच्या नावावर.

घासाघीस फार करू नका. आपण जो भाव पाडतो तो मेस्त्री वेळातून वसूल करतात. आणि पैसे रोख दिलेत तरी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून ठेवा, 'आज पत्र्याच्या कामाचे अमुक दिले', आणि त्यांच्याकडून 'हो' येऊ द्या. पुढे वाद झाला तर ही ओळ पाठीशी उभी राहते.

पार्ट मिळत नाही म्हणून अडलंय. खरंच मिळत नाहीत का?

गाडीवर अवलंबून आहे. ॲम्बेसेडर २०१४पर्यंत बनत होती, तिचं सामान अजून निघतं. फियाट आणि पद्मिनीचं इंजिनचं सामान मुंबईत, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात, शोधलं तर मिळतं. काचेची रबरं, क्रोमच्या पट्ट्या आणि मागचे दिवे यांना वेळ लागतो. गोव्यातल्या विलायती गाड्यांची गत वेगळी. १९६१पूर्वी इथे भारतातले आयातीचे निर्बंध नव्हते, त्यामुळे मॉरिस, ओपेल, मर्सिडीज अशा गाड्या उतरल्या, आणि त्यांचे पार्ट आता परदेशातूनच मागवावे लागतात. कस्टमचा खर्च धरून चाला.

पार्टचं नाव, नंबर आणि फोटो मेस्त्रींकडून घ्या आणि स्वतः शोधा. 'मिळत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'मी अजून कुणाला विचारलं नाही' असा असतो.

लवकर होईल म्हणून मारुतीचं इंजिन बसवूया म्हणतात. बसवू का?

मी बसवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे असा बदल परवानगी घेऊन आरसीवर चढवावा लागतो, नाहीतर पुढे पासिंगला आणि विम्याला अडचण. रंग बदललात तरी आरसीत नोंद हवी. शिवाय २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. इंजिन बदललंत की त्या वाटेवर स्वतःच काटे पेरलेत. अर्थात व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कामांसाठीच चालवता येते, हे घाई करण्याआधी लक्षात घ्या.

काढून ठेवलेले सुटे भाग घरी आणावेत का?

आजच आणा. हँडल, बिल्ले, हॉर्नची रिंग, मीटर, आरसे, क्रोमच्या पट्ट्या. कुणी चोरतं असं नाही. गॅरेजात सामान झाडलं जातं, हलवलं जातं, दुसऱ्या गाडीला 'तात्पुरतं' लागतं. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत घाला, सोबत त्याचेच स्क्रू आणि कागदाची चिठ्ठी: 'डावा मागचा दरवाजा, आतून'. घालण्यापूर्वी फोटो. आमच्या घरी सहा महिने दिवाणाखाली गाडी होती आणि वर पाहुणे झोपत होते.

गाडी नुसती उभी असताना काय सांभाळायचं?

बॅटरी काढून घरी न्या. टाकीतलं पेट्रोल काढा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, टाकी आतून गंजते आणि जुनी रबरं मऊ पडतात. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचलून ठेवायला सांगा, म्हणजे टायर एका जागी चपटे होणार नाहीत. इंजिन जोडलेलं असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि महिन्यातून एकदा हाताने फिरवा. उघडं असेल तर बोअरला ऑइल फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. समुद्रकाठच्या गॅरेजात नुकताच मारलेला बोअर आठवड्यात डाग धरतो. उंदीर वायरिंग खातात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मेस्त्रींनी मांजर पाळली होती, ती आमच्याच मागच्या सीटवर व्याली.

विमा आणि आरसीचं काय?

गाडी रस्त्यावर नाही म्हणून विमा सोडू नका. गॅरेजात आग लागली, झाड पडलं, पाणी शिरलं तर तुमचीच पॉलिसी उपयोगी पडेल, तीही ओन डॅमेजची, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची. नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडीचं काही मिळणार नाही. जुन्या गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही कंपनीशी बोलून ठरते, ती आधीच नीट लावून घ्या, फोटोंसकट.

आरसी संपत असेल तर नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदतीच्या आधी ६० दिवसांच्या आत भरायचा असतो. पण तपासणीला गाडी चालती लागते. ही तारीख मेस्त्रींना काम देतानाच सांगा. 'आरटीओची तारीख आहे' हे वाक्य 'मला लवकर हवी आहे' यापेक्षा जास्त चालतं.

गाडी तिथून हलवायची आहे. मेस्त्री अडवून ठेवू शकतात का?

झालेल्या कामाचे पैसे बाकी असतील तर हो, त्या पैशांपुरती. करार कायद्याचं कलम १७० तो हक्क देतं. कायद्यातलं उदाहरण मोठं छान आहे: हिरा पैलू पाडायला दिला, तर जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेता येतो. पण न केलेल्या कामासाठी किंवा तुमच्या दुसऱ्या गाडीच्या उधारीसाठी हे कलम चालत नाही. आणि गाडी ताब्यात आहे तोवर शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू सांभाळावी तशी ती सांभाळणं गॅरेजवर बंधनकारक आहे, ते कलम १५१.

हलवण्याआधी दोनदा विचार करा. दुसरे मेस्त्री पहिल्याचं वेल्डिंग बघून तोंड वाकडं करणार, सगळं पुन्हा उघडणार, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. पत्रा अर्धा आणि इंजिन पेटीत, अशा गाडीला कुणी हात लावायलाही राजी नसतं. हलवायचीच तर एक टप्पा पूर्ण करून हलवा. सुट्या भागांची यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, चारही बाजूंनी व्हिडिओ काढा आणि टेम्पोत चढवा.

जागेचं भाडं मागतायत. द्यायचं का?

आधी ठरलं असेल तर द्या. उशीर त्यांचा आणि भाडं तुमचं, हे चालणार नाही. मात्र गाडी तयार झाल्यावर तुम्हीच तीन महिने न्यायला गेला नसाल तर गपचूप द्या.

बोलून काहीच होत नाही. आता पुढे?

आधी एक लेखी पत्र. कुठल्या तारखेला गाडी दिली, काय ठरलं, किती पैसे दिले, आज काय स्थिती आहे आणि अमुक तारखेपर्यंत काय हवं, एवढंच. शिव्या नकोत, वकिली भाषा नको. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. निम्मी प्रकरणं इथेच हलतात.

नाही हललं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर आणि दक्षिण गोव्याचे आयोग वेगळे आहेत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या गॅरेजात अडकली असली तरी खेपा इथल्या इथे. कामासाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, तेव्हा 'फाल्यां'च्या भरात ती जाऊ देऊ नका. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो, पण एवढ्यात होईल असं धरून चालू नका. बिल दिलं नसेल तर तोही तक्रारीचा मुद्दा आहे, या कायद्यात बिल न देणं अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. फक्त गाडी लग्नांना भाड्याने देण्याचा तुमचा धंदा असेल तर तुम्ही 'ग्राहक' आहात का, यावरच समोरचा वकील बोट ठेवेल.

मी स्वतः आयोगापर्यंत गेलो नाही. पत्र गेल्यावर मेस्त्रींचा मोठा भाऊ घरी आला, चहा झाला, आणि टिंकर दुसऱ्या दिवसापासून कामावर.

पोलिसांत जाऊ का?

उशीर हा पोलिसांचा विषय नाही. गाडीचे पार्ट विकले, गाडीच गायब केली, तर मात्र आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, विश्वासघात.

फेसबुकवर लिहू का?

गाडी ताब्यात येईपर्यंत नको.

गाडी परत घेताना काय बघायचं?

दिवसाउजेडी घ्या, रात्री ट्यूबलाइटखाली नव्हे. आधी चारही दरवाजे, ते एका बोटाने लागले पाहिजेत. मग लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी या. ब्रेक दाबून धरा, पेडल हळूहळू खाली जाता कामा नये. काढलेले जुने पार्ट मागा. मग पैसे.

डिकीही बघा. आमच्या डिकीत कुणाच्या तरी पद्मिनीचं दाराचं हँडल निघालं. मेस्त्रींना फोन केला. म्हणाले, 'रावूं दी, फाल्यां व्हरतां.' राहू दे, उद्या नेतो. चार वर्षं झाली, हँडल अजून डिकीतच आहे.